परदेशगमनाचा निर्णय : १८८३ मधील दोन निवेदने आणि नंतरचे मौन

मराठी साहित्याच्या अभ्यासात परदेशगमनाचा विचार बहुधा प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराच्या अंगाने होतो. प्रवासी निघतो, पाहतो, तुलना करतो, परततो आणि लिहितो. समीक्षक त्याच्या निरीक्षणशक्तीची, विनोदाची, शैलीची नोंद घेतो. या सर्व व्यवहारात एक गोष्ट नेहमी गृहीत धरली जाते, ती म्हणजे निघण्याचा निर्णय. जावे की न जावे, कोणाला विचारावे, मागे राहणाऱ्यांना काय सांगावे, हा भाग लेखनाच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा उंबरठ्याबाहेरचा भाग आहे. त्यासाठी १८८३ या एकाच वर्षातील दोन निवेदने मुख्यतः विचारात घेतली आहेत : आनंदीबाई जोशी यांचे बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषण आणि पंडिता रमाबाई यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्र.

आधी शब्दांविषयी थोडे. ‘देश’ या शब्दाचा आज आपण घेतो तो राष्ट्रवाचक अर्थ मराठीत तुलनेने अलीकडचा आहे. उत्तर कोकणातील जुन्या माणसाला ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूख. मोल्सवर्थच्या कोशानेही हा अर्थ नोंदविला आहे. पालघर, केळवे-माहीम, तारापूर या पट्ट्यातून कोणी ‘देशावर’ गेला, तर तो नाशिक-पुण्याकडे गेला असे समजावयाचे. ‘परदेशी’ हा शब्दही महाराष्ट्रात दीर्घकाळ उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसासाठी वापरला गेला. ‘मुलूख सोडणे’, ‘परागंदा होणे’ या प्रयोगांत संकटाची छाया आहे. ‘विलायतेस जाणे’ यात प्रतिष्ठा आहे आणि पूर्वी भ्रष्टतेची शंकाही होती. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा रेतीच्या कामावर जातो, तेव्हा त्याच्या तोंडी ‘जगायला जाणे’ असा प्रयोग असतो. या सर्व शब्दांत जाण्याचे कारण किंवा परिणाम आहे. ‘ठरविणे’ मात्र कोठेच नाही. ‘स्थलांतर’ हा आजचा अभ्यासकी शब्द तर इतका निर्विकार आहे की त्यात माणूसही शिल्लक राहत नाही.

या पार्श्वभूमीवर २४ फेब्रुवारी १८८३ चे भाषण पाहावे. स्थळ श्रीरामपूर कॉलेजचे सभागृह; भाषा इंग्रजी; वक्ती अठराव्या वर्षात असलेली एक मराठी ब्राह्मण स्त्री. कल्याण हे आनंदीबाईंचे माहेर. म्हणजे आपला पालघर परिसर २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्याचा भाग होता, त्याच जिल्ह्यातल्या त्या. वयाच्या नवव्या वर्षी लग्न, पुढे जन्मून काही दिवसांतच गेलेले मूल, टपाल खात्यातील नवऱ्याच्या बदल्यांबरोबर कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा फिरता संसार. अमेरिकेला जाऊन वैद्यकी शिकण्याचा त्यांचा बेत लोकांना कळला, तशी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. त्या प्रश्नांना एकदाच जाहीरपणे उत्तर द्यावे, म्हणून ही सभा.

भाषणाची रचना सहा प्रश्नांची आहे. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकले जाणार नाही काय? परदेशात संकट ओढवले तर काय करणार? आणि जे कोणा स्त्रीने केले नाही, ते तुम्हीच का करावे? आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची ही पद्धत आहे. भाषा इंग्रजी असली तरी वादाची मांडणी घरचीच आहे. शिवाय या प्रश्नांचा क्रमही सहज आलेला वाटत नाही. पहिला प्रश्न हेतूचा, दुसरा सोयीचा, तिसरा कुटुंबाचा, चौथा जातीचा, पाचवा दैवाचा आणि शेवटचा थेट व्यक्तीचा. वर्तुळ लहान होत होत ‘तूच का?’ येथे येऊन थांबते.

पहिल्या उत्तरात विशेष गुंतागुंत नाही : स्त्रियांना स्त्री वैद्याची गरज आहे आणि ती मला भागवावयाची आहे. दुसरे उत्तर मात्र फार महत्त्वाचे आहे आणि अभ्यासकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. येथील शिक्षणसंस्थांची अपुरी स्थिती सांगून आनंदीबाई थांबत नाहीत. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर शिकू पाहणाऱ्या बाईला काय सोसावे लागते, हे त्या सांगतात. खिडक्यांतून रोखलेल्या नजरा, हसणे, टोमणे. ख्रिस्ती किंवा ब्राह्म झालेल्या स्त्रीला हा त्रास वेगळ्या प्रकारचा असतो. हिंदू राहून, धर्म न सोडता शिकू पाहणाऱ्या स्त्रीला मात्र दोन्हीकडून आधार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. याचा अर्थ असा की परकेपणाचा अनुभव समुद्र ओलांडण्यापूर्वीच आलेला आहे. बंगाल हाही मराठी बाईला परमुलूखच होता. ‘आपला देश’ आणि ‘परका देश’ यांची सीमारेषा बोट सुटण्याच्या धक्क्यावर नसून घरासमोरच्या रस्त्यावर आहे, ही जाणीव त्या काळच्या मराठी गद्यात क्वचितच इतक्या स्पष्टपणे उमटली असेल.

तिसऱ्या उत्तराचा सूर बदलतो. दोघांनी मिळून जावे असा पती-पत्नीचा मूळ विचार होता. पैसा पुरेसा नाही, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण म्हणजे वृद्ध सासू आणि दिरांची जबाबदारी. एकीच्या शिक्षणासाठी इतक्या जणांना उपाशी ठेवणे हे क्रौर्य ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणून मी एकटी जाते. या उत्तरात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो आणि सगळे गणित एकत्र कुटुंबाच्या खर्चाचे होते. एकटीने जाणे हे येथे बंड म्हणून मांडलेले नाही. कुटुंबाच्या हिशेबातून निघालेली ती तजवीज आहे. आधुनिक वाचकाला हा युक्तिवाद पचावयास जड जातो. तो त्यात स्वातंत्र्याची घोषणा शोधत असतो आणि हाती लागते ती जमाखर्चाची वही. परंतु परदेशी जाण्याचा कोणताही खरा निर्णय अशाच वहीत घेतला जातो. आपल्या समीक्षेने या वहीला साहित्यबाह्य ठरविले, हा आपल्या समीक्षेचा संकोच आहे.

चौथ्या उत्तरात ‘मी’ परततो. बहिष्काराची भीती आपणास वाटत नाही. तिकडे अन्न, वस्त्र, आचार येथल्यासारखाच ठेवीन. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येऊन राहीन. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘परत येणार काय?’ हा प्रश्न सहा प्रश्नांत नव्हताच. तो कोणी विचारलाच नाही. जाणे म्हणजे परत येण्यासाठी जाणे, हे प्रश्न करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते. वाद फक्त परत आल्यावर पंक्तीत घ्यावयाचे की नाही, एवढाच होता. (पंक्तीच्या या प्रश्नाला पुढे एक चमत्कारिक उपकथानक जोडले गेले. १८९० मध्ये पुण्यातील प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये चहाच्या निमित्ताने नेऊन नंतर त्यांची नावे जाहीर करणारे गृहस्थ म्हणजे हेच गोपाळराव जोशी. बहिष्काराच्या शस्त्राची थट्टा करण्याची त्यांची हौस पत्नीच्या मृत्यूनंतरही टिकली होती.)

आता या भाषणासंबंधीचा सर्वांत अवघड प्रश्न : हा निर्णय कोणाचा? गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र, ते तेथील मिशनच्या नियतकालिकात छापले जाणे, १८८० मध्ये न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात येणे आणि त्यातून जुळलेला पत्रव्यवहार, हा क्रम सर्वपरिचित आहे. पत्र लिहिले गेले तेव्हा आनंदीबाईंचे वय तेरा वर्षांचे होते. तेव्हा कल्पना पतीची, हट्ट पतीचा, जाच पतीचा; मग पत्नीचे काय? श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने गोपाळरावांचे विक्षिप्त, हेकट रूप मराठी वाचकाच्या मनात कायमचे ठसविले. नंतरच्या संशोधनाने, विशेषतः अंजली कीर्तने यांच्या चरित्रग्रंथाने आणि मीरा कोसंबी यांच्या लेखनाने, आनंदीबाईंच्या स्वतंत्र कर्तृत्वाकडे आपले लक्ष वळविले. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. वर्गात या मुद्द्यावर वाद होतो, तेव्हा विद्यार्थी ‘तिने ठरविले’ आणि ‘तिच्यावर लादले’ अशा दोन गटांत चटकन विभागले जातात.

माझ्या मते ही विभागणीच चुकीची आहे आणि भाषणाची संहिता तीच दाखवून देते. निर्णयाचा उगम कोणाच्या मनात झाला, हा चरित्रकाराचा प्रश्न आहे. निर्णय कोणाचा झाला, हा संहितेचा प्रश्न आहे. आनंदीबाई श्रोत्यांपुढे उभ्या राहिल्या, त्या क्षणापर्यंत तो बेत नवऱ्याचा म्हणता आला असता. सहा प्रश्नांची उत्तरे देताना त्यांनी त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. सहाव्या उत्तरात तर समाजाचे हित हे व्यक्तीचे कर्तव्य असून पूर्वी कोणी केले नाही, हे न करण्याचे कारण होऊ शकत नाही, येथपर्यंत त्या येतात आणि पुराणांतील त्यागी राजांच्या रांगेत एका टपाल कारकुनाच्या पत्नीला उभे करतात. हे धाडस शिकवून येणारे नव्हे. मागे राहणाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड देताना निर्णय आपला होतो. उत्तर द्यावयाचे टाळले, तर तो आपण घेतलेला असूनही दुसऱ्या कोणाचा तरी राहतो. या लेखाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. त्यानंतर तेरा दिवसांनी, २० एप्रिलला, पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला जाण्यासाठी मुंबईहून बोटीवर चढल्या. त्यांचे निवेदन अगदी निराळ्या परिस्थितीतून आलेले आहे. ते मराठीत आहे, पत्ररूप आहे आणि निघण्यापूर्वी नव्हे तर पोचल्यावर लिहिलेले आहे. सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले हे पत्र त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

रमाबाईंना ‘एकट्या का जाता?’ असे कोणी विचारू शकत नव्हते, कारण एकटेपणा हीच त्यांची स्थिती होती. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेला. सासरची परवानगी मागावी असे सासर नाही. लहानपण तीर्थयात्रांतून पायी फिरण्यात गेल्याने सोडून जावे असे घरही नाही. आनंदीबाईंच्या वहीत सासू आणि दीर आहेत. रमाबाईंच्या वहीत ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे आहेत. मग त्यांना खुलासा कोणाला द्यावयाचा होता? तो समाजाला. पुण्यात त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला होता, हंटर आयोगापुढे साक्ष दिली होती, सुधारकांच्या त्या आशास्थान होत्या. ज्या स्त्रीला अडविणारा कोणी नाही, तिने जाण्याचे ठरविले की हितचिंतकांचा सगळा समूहच सासरची जागा घेतो, हे त्या पत्राच्या सावध आणि काहीशा ताठ स्वरातून जाणवते. आनंदीबाईंचा सूर आर्जवाकडून निश्चयाकडे जातो. रमाबाईंचा निश्चयापासूनच सुरू होतो.

त्याच वर्षीच्या २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि या पत्राचे वाचनच पालटले. ज्याला त्याला त्यात धर्मांतराची पूर्वचिन्हे दिसू लागली. एका अर्थी रमाबाईंवर अन्याय झाला तो येथे. जाण्याच्या निर्णयाची त्यांनी दिलेली कारणे पुढच्या घटनेच्या उजेडात बहाणे ठरविली गेली. वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा हेतू कमी ऐकू येण्यामुळे फसला, ही साधी वस्तुस्थितीही मागे पडली. निर्णयाची संहिता तिच्या परिणामावरून वाचावयाची नाही, हा वाचनाचा प्राथमिक नियम आपण येथे मोडत आलो आहोत. आनंदीबाईंच्या बाबतीतही तो मोडतो, फक्त उलट दिशेने. ११ मार्च १८८६ ला त्या फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. त्या समारंभास रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पुढे वर्षही पुरते न लोटता, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात वारल्या. या अकाली मृत्यूमुळे भाषणातील प्रत्येक वाक्य आपण करुणरसात भिजवून वाचतो आणि त्यातला तर्क हरवून बसतो. परत येण्याचे वचन त्यांनी पाळले. त्यांची रक्षा मात्र पुढे कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

यानंतर मराठी साहित्यात काय झाले? विलायतेस जाणारे वाढले, समुद्रगमनाचा निषेध ओसरला आणि त्याबरोबर प्रश्न विचारणारी सभाही संपली. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने शिकलेल्या भारतीयांना तेथे कायम राहण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा मराठी मध्यमवर्गात जाण्याच्या निर्णयाची लाटच आली. पण या लाटेचे साहित्य पाहावे तर जाणारा बोलतच नाही. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे नाटक घ्यावे. रंगमंचावर नाना आणि नानी आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेला थोरला मुलगा कायम पडद्याआड आहे. त्याने कधी आणि का ठरविले, हे आपणास कळत नाही. आईवडिलांनीही त्याला ते विचारल्याचे दिसत नाही. १८८३ मध्ये जाणारी व्यक्ती व्यासपीठावर होती आणि राहणारे श्रोत्यांत होते. नव्वद वर्षांनी राहणारे रंगमंचावर आले आणि जाणारा विंगेत गेला. नाटक प्रभावी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या प्रभावामुळे मराठी प्रेक्षकाला परदेशगमन म्हणजे म्हातारपणीचा एकांत, एवढेच समीकरण पाठ झाले.

उलट बाजूने, उत्तर अमेरिकेतील मराठी लेखकांनी १९७९ पासून ‘एकता’ या त्रैमासिकातून आणि अन्यत्र जे लिहिले, त्यात स्मरणरंजन, दोन पिढ्यांतील ताण, तेथील एकटेपणा हे विषय सापडतात. निर्णयाचा क्षण मात्र ‘शिकायला आलो, राहून गेलो’ अशा एखाद्या वाक्यात उरकला जातो. ‘राहून गेलो’ ही क्रिया मोठी बोलकी आहे. तीत कर्ता आहे, पण कर्तृत्व नाही. (बेने इस्रायल समाजाने १९४८ नंतर कोकण-मुंबई सोडून इस्रायलला जाण्याचा सामूहिक निर्णय घेतला. तेथे ‘जाणे’ यालाच ‘परतणे’ म्हणावयाचे होते. तो विषय इतका वेगळा आहे की त्यास स्वतंत्र लेखच हवा.)

हे सर्व पालघर-बोईसर परिसरात शिकविताना एक निराळीच अडचण येते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प अमेरिकन साहाय्याने उभा राहिला आणि १९६९ मध्ये सुरू झाला. बोईसरला औद्योगिक वसाहत आली. आणि खानदेश, मराठवाड्यापासून उत्तर भारतापर्यंतची कुटुंबे येथे येऊन राहिली. वर्गातील अनेकांच्या घरी ‘गाव सोडण्याचा’ निर्णय एक पिढी आधीच झालेला आहे. रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत चार-दोन वर्षे काढून आखाती देशांची वाट धरू पाहणारे तरुणही या भागात अपरिचित नाहीत. आनंदीबाईंचे सहा प्रश्न फळ्यावर लिहून, यांतले कोणते आज तुमच्या घरी विचारले जातील, असे विचारले की चौथा प्रश्न तत्काळ गळतो. दुसरा ‘येथे नोकरी नाही काय?’ असे रूप घेतो. तिसरा मात्र जसाच्या तसा उरतो, किंबहुना अधिक तीव्र होतो. आणि मुलींच्या बाबतीत तर त्यातील ‘एकट्या’ हा शब्दही बदलावा लागत नाही. सातवा प्रश्न, परत येण्याचा, विद्यार्थी स्वतः होऊन जोडतात.

त्याच वर्गात अक्करपट्टी किंवा पोफरण येथील कुटुंबांतील मुले असू शकतात. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी ही गावे उठविली गेली. तेथे ‘का जाता?’ असे विचारण्याचा प्रसंगच नव्हता. प्रश्न फक्त कोठे आणि किती मोबदल्यात एवढाच होता. जगायला जाणाऱ्या वारली-कातकरी कुटुंबालाही कोणी सभा भरवून उत्तरे मागत नाही. प्रश्न विचारला जाणे हीसुद्धा एक सामाजिक पत आहे, हे आनंदीबाईंच्या भाषणाचे दुसरे अंग या शेजारामुळे उघडे पडते. त्यांना छळणारे प्रश्न त्यांच्या जातीचे आणि वर्गाचे लक्षण होते. हे सांगितल्याने भाषणाचे मोल कमी होत नाही. पण ते न सांगता हा पाठ या भागात शिकविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अभ्यासाच्या दृष्टीने दोन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, आनंदीबाईंच्या भाषणाची मूळ इंग्रजी संहिता आणि मराठी भाषांतरे समोरासमोर ठेवणारी, टिपांसह पाठ्यआवृत्ती. भाषांतरांत ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची अदलाबदल कोठे होते, हे पाहिल्याखेरीज वरील विवेचन पुरे होणार नाही. दुसरी गोष्ट आपल्या हाताशी आहे. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत, पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर, तारापूरच्या कर्मचारी वसाहतीत अशी घरे आहेत, जेथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी गेलेल्यांची निळी हवाईपत्रे ट्रंकेत पडून असतील. काही सामवेदी किंवा वाडवळी वळणाच्या मराठीत असतील, काहींत केवळ पैसे पाठविल्याची नोंद असेल. पण त्याआधीचेही कागद कोठेतरी असतात : अर्जांच्या नकला, कर्जाच्या चिठ्ठ्या, मामाला किंवा धर्मगुरूंना सल्ला विचारणारी पत्रे. नाटकाने पडद्याआड ठेवलेला माणूस त्या कागदांत बोलत असण्याचा संभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांसाठी दरवर्षी तेच ते कवी आणि त्याच त्या कादंबऱ्या वाटून देण्याऐवजी, एकेका विद्यार्थ्याकडे एकेक गाव सोपविले आणि घरच्या माणसांची संमती घेऊन या पत्रांच्या नकला करविल्या, तर पाच वर्षांत विभागाच्या ग्रंथालयात त्यांचे एक कपाट उभे राहू शकेल.